चांदणीची गाडी

पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान. प्रतिष्ठा म्हणजे काय आणि ती कशाने मिळते, हा प्रश्न आमच्या गावाच्या नावातच बसलेला आहे. तेव्हा एका परक्या मुलखातल्या मोटारीवर लिहायला हा पैठणकर का बसला, असे वाचकांनी विचारू नये. साड्यांत जिचे नाव घेतल्यावर दुसरीचे घ्यावे लागत नाही ती पैठणी आमची, आणि मोटारींत ज्या नावाला तसाच मान आहे ती मर्सिडीज-बेंझ जर्मनांची. शिवाय गाड्यांशी आमचे नाते आजकालचे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक माणसाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, तीत भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठणचे नाव आहे. रस्ता म्हणून नसलेल्या मुलखातून पैठणचे अकीकाचे खडे गाड्या भरभरून बंदरावर येतात, असेही त्याने नमूद केले आहे. रोमच्या श्रीमंतांची हौस दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या बैलांनी ओढली, म्हणायची!

माझी आणि मर्सिडीजची पहिली ओळख मात्र मोटार म्हणून झालीच नाही. ती झाली मालमोटार म्हणून. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाचा पाया घातला गेला आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्‌घाटन करीपर्यंत आमच्या गावाने धुरळा खाल्ला. सिमेंटची पोती, लोखंडी सळया, खडी, मजुरांची बिऱ्हाडे, सारे ट्रकांनी येई. शाळा सुटली की आम्ही पोरे रस्त्याच्या कडेला बसून ट्रक मोजत असू. त्यांतल्या पुष्कळांच्या नाकावर एक वाटोळे कडे असे आणि कड्यात तीन टोकांची चांदणी. "चांदणीची गाडी आली रे!" असा पुकारा झाला की तिच्यामागे धूळ खात पळणे हा आमचा संध्याकाळचा खेळ. ड्रायव्हर मंडळी तिला 'मर्सडी' म्हणत. हा शब्द मराठी की उर्दू यावर आमच्यात वाद होई. तो एका मुलीच्या नावाचा अपभ्रंश आहे हे सांगणारा मात्र आमच्यात कोणी नव्हता.

त्याची हकिकत अशी. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९६९ साली मुदत संपली, जर्मन मंडळी बाजूला झाली, आणि नव्या ट्रकांच्या नाकावर चांदणीच्या जागी टाटांचे टी अक्षर आले. म्हणजे पहा, ज्या चिन्हासाठी आज माणसे पन्नास-साठ लाख रुपये मोजतात, त्या चिन्हाखाली आमच्याकडे कापसाच्या गाठी, ज्वारीची पोती आणि वरातीची वऱ्हाडे गेलेली आहेत. खुद्द जर्मनीत तर ती भाड्याची गाडी म्हणून कैक वर्षे धावते आहे. तिथल्या स्टेशनाबाहेर उतरून टॅक्सी केली तर कित्येकदा मर्सिडीजच वाट्याला येते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. तेव्हा नुसत्या चांदणीत प्रतिष्ठा असती तर आमचे सारे ट्रकवाले सरदार झाले असते. मग ही प्रतिष्ठा आली कुठून? ते पाहायचे तर या घराण्याच्या मूळ पुरुषांकडे गेले पाहिजे, आणि मूळ पुरुषांआधी एका मूळ स्त्रीकडे.

कार्ल बेंझ हा रेल्वेचे इंजिन चालवणाऱ्या माणसाचा मुलगा. दोन वर्षांचा होता तेव्हा बाप गेला. आईने हाल सोसून त्याला यंत्रविद्या शिकविली. पुढे मॅनहाइम गावी त्याने भागीदारीत एक लहानसा कारखाना घातला, आणि भागीदार भरवशाचा निघाला नाही. त्या वेळी बेर्था रिंगर नावाच्या मुलीशी त्याची सोयरीक ठरली होती. लग्नानंतर बाईला आपल्या पैशावर स्वतंत्र हक्क राहू नये असा त्या देशातला तेव्हाचा कायदा. बेर्थाने १८७१ साली, लग्नाआधीच, आपले स्त्रीधन उचलून कार्लच्या हवाली केले आणि त्यातून त्या भागीदाराचा हिस्सा विकत घेतला गेला. अंगावरचे डाग मोडून नवऱ्याचा धंदा उभा करणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघर आहेत; पण हिने नवरा व्हायच्या आधीच ते केले, ही हिंमत जरा निराळी.

२९ जानेवारी १८८६ रोजी बेंझने आपल्या 'गॅसच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडी'च्या पेटंटासाठी अर्ज केला. त्या पेटंटाचा क्रमांक ३७४३५. मोटारीचा जन्मदाखला म्हणून हाच कागद दाखवितात. गाडीला चाके तीन, इंजिनाला सिलिंडर एक, शक्ती पुरत्या एका घोड्याचीही नाही, आणि वेग फार तर ताशी १६ किलोमीटर. आमच्या गावातला चांगला टांगा तिच्या बरोबरीने धावला असता. शिवाय कार्लचा स्वभाव असा की यंत्र पुरते निर्दोष झाल्याशिवाय ते लोकांपुढे न्यायचे नाही. दोन वर्षे उलटली तरी गिऱ्हाईक फिरकेना.

आता बेर्थाचे पाहा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे नवरा झोपेत असताना तिने पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिखार्ड या आपल्या मुलांना उठवले, शेडमधून गाडी बाहेर काढली आणि माहेरची वाट धरली. माहेर फोर्त्सहाइमला, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तोवर मोटारीने इतका लांबचा पल्ला कोणीच मारला नव्हता. वाटेत इंधन संपले, तेव्हा वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने कपड्यांचे डाग काढायचे लिग्रोइन नावाचे स्पिरिट विकत घेतले. जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून ते औषधालय आजही दाखविले जाते. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तार उघडी पडली तिला मोजाबांधणीचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. चढ आला की मुले उतरून ढकलीत. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली, आणि परत आल्यावर ऐकवले की चढासाठी आणखी एक गिअर बसव. मोटारीची पहिली खरी परीक्षा कारखान्यात झाली नाही, माहेरच्या वाटेवर झाली. त्या प्रवासाने गाडीचा बोलबाला झाला आणि पुढे कार्लला गिऱ्हाइके मिळू लागली.

दुसरे मूळ पुरुष गॉटलिब डाइम्लर. हा पाववाल्याचा मुलगा. त्याचा उजवा हात म्हणजे अनाथाश्रमात वाढलेला विल्हेल्म मायबाख. कानस्टाट गावी डाइम्लरने घर घेतले आणि बागेतल्या काचघरात दोघे रात्रंदिवस इंजिनाची खटपट करू लागले. दारे बंद करून हे आत काय ठोकतात? घरच्या माळ्याला वाटले, खोटी नाणी पाडीत असावेत. त्याने पोलिसांत वर्दी दिली, झडती झाली, आणि पोलिसांना सापडले काय, तर इंजिन! १८८६ साली या जोडगोळीने चार चाकांच्या घोडागाडीत आपले इंजिन बसविले. मॅनहाइम आणि कानस्टाट ही गावे एकमेकांपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत. पण बेंझ आणि डाइम्लर यांची भेट अशी कधी झाली नाही म्हणतात.

चांदणी आली ती डाइम्लरच्या घरून. नोकरीच्या निमित्ताने एका नव्या गावी राहायला गेला असता त्याने गावाचे चित्र असलेल्या कार्डावर आपल्या घरावर एक तारा काढून ते बायकोला पाठवले होते. तो वारल्यावर मुलांना त्या ताऱ्याची आठवण झाली आणि १९०९ साली कंपनीने तीन टोकांचा तारा नोंदवून घेतला. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी आमची इंजिने चालतील, असा त्याचा अर्थ. आमच्या धरणावरच्या पोरांना पाठ झालेली ती चांदणी मुळात एका नवऱ्याने बायकोला दाखवलेली घराची खूण आहे.

राहिले नाव. ते ना बेंझच्या घरचे, ना डाइम्लरच्या. एमिल येलिनेक नावाचा एक हिकमती व्यापारी फ्रान्सच्या दक्षिणेला नीस शहरी राहत असे. युरोपातले बडे धनिक तिथे हिवाळ्यात हवा खायला येत. येलिनेक त्यांना मोटारी विकी, आणि स्वतः शर्यतींत उतरताना आपले खरे नाव न लावता आपल्या लाडक्या मुलीचे लावी: मर्सेडीस. या नावात आपले नशीब आहे अशी त्याची श्रद्धा होती. डाइम्लर कंपनीच्या गाड्या त्याला उंच, जड आणि धोक्याच्या वाटत. १९०० च्या मार्चमध्ये नीसजवळच्या घाटातल्या शर्यतीत कंपनीचा चालक विल्हेल्म बाउअर अपघातात मरण पावला, आणि कंपनीला वाटले, शर्यती पुरे झाल्या. येलिनेकचे म्हणणे उलटे पडले: गाडी बदला! ती लांब करा, जमिनीलगत आणा, इंजिनाची ताकद वाढवा. आणि नुसता सल्ला देऊन तो थांबला नाही. त्याने एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदवली. किंमत साडेपाच लाख मार्क. अट एवढीच की गाडीला माझ्या मुलीचे नाव द्यायचे.

डाइम्लर त्याच मार्च महिन्यात वारला होता. मायबाखने नवी गाडी रचली, १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना मागे टाकले, आणि तेव्हापासून मोटार घोडागाडीसारखी दिसायची थांबली. पुढल्या वर्षी 'मर्सिडीज' हे नाव रीतसर नोंदले गेले. बापाने तर १९०३ साली स्वतःच्या आडनावाला मुलीचे नाव जोडून घेतले. ज्या मुलीवरून हे सारे झाले ती १९२९ साली, चाळिशी गाठण्याआधीच, व्हिएन्नात वारली. कार्ल बेंझही त्याच वर्षी गेला. त्याआधी, १९२६ च्या जूनमध्ये, पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीने टेकीला आलेल्या दोन्ही कंपन्या एक झाल्या, आणि डाइम्लरच्या ताऱ्याभोवती बेंझची लॉरेलच्या पानांची माळ आली.

येलिनेकची ती ३६ गाड्यांची मागणी वाचकांनी जरा ध्यानात ठेवावी. मर्सिडीज हे नावच घाऊक खरेदीतून जन्मलेले आहे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

वंशावळ सांगताना भाट वाईट पिढ्या गाळतात. लेखकाला तसे करून चालत नाही. १९३० नंतर हिटलर आणि त्याचे सरदार ज्या प्रचंड उघड्या मोटारींतून मिरवत, त्यांवर हीच चांदणी होती. दुसऱ्या महायुद्धात कंपनी लष्करासाठी ट्रक आणि विमानांची इंजिने बनवीत होती, आणि १९४४ साली तिच्या ६३ हजारांवर कामगारांपैकी जवळजवळ निम्मे वेठीला धरून आणलेले होते: परक्या देशांतले नागरिक, युद्धकैदी, छळछावण्यांतले बंदी. हा आकडा आज कंपनी स्वतःच्या इतिहासात देते. युद्धानंतर पुन्हा शर्यती आल्या. १९५५ साली फ्रान्समध्ये ल माँच्या शर्यतीत तिची एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्या वर्षाअखेर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले आणि पुढे कित्येक वर्षे ती त्या वाटेला गेली नाही.

या घराण्याचा माझ्या मते सर्वांत मोठा माणूस कधी शर्यतीत दिसला नाही. बेला बारेनी हे त्याचे नाव. अपघातात माणूस का मरतो, याचा विचार करीत तो आयुष्यभर बसला. त्याआधी सर्वांची समजूत अशी की गाडी जितकी दणकट तितका आतला माणूस सुरक्षित. बारेनीने तर्क उलटा चालवला. गाडीचे नाक आणि शेपूट मुद्दाम दुमडेल असे करावे म्हणजे धक्का तिथेच जिरेल. मधली माणसांची खोली तेवढी मजबूत ठेवावी. नारळ झाडावरून पडला तर सोडण मार खाते आणि आतली वाटी शाबूत राहते, तोच प्रकार. १९५१ साली त्याने याचे पेटंट मिळविण्याची तजवीज केली आणि १९५९ च्या मर्सिडीजमध्ये ते प्रत्यक्षात आले. आज आपल्या रस्त्यावरच्या साध्या मोटारीदेखील याच तत्त्वावर बांधतात. पुढे १९७८ साली बॉश कंपनीच्या साह्याने, जोरात ब्रेक दाबला तरी चाके जागच्या जागी न आवळू देणारी योजना या गाड्यांत आली. १९८१ साली धडक होताच फुगणारी हवेची उशी आली. हे सगळे पत्र्याखाली. विकत घेणाऱ्याला ते दिसत नाही, आणि देव करो, कधी दिसू नये.

इथे मला पैठणीची आठवण होते. पेठेत पैठणी घ्यायला आलेले लोक पदरावरचे मोर पाहतात, जरीची झळाळी पाहतात. जाणती बाई मात्र पदर उलटा करते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवीत विणलेली असते, त्यामुळे उलट बाजूही सुलट बाजूइतकीच नीटस दिसते. सुटे धागे लोंबत असले की ओळखावे, यंत्राचा माल. एकेका साडीवर विणकर महिनोन्‌महिने बसतो आणि त्या श्रमांतले पुष्कळसे नेसणारणीच्या अंगाकडे, कोणाला न दिसणाऱ्या बाजूला जातात. चांदणीच्या गाडीला मान मिळाला तो, माझ्या समजुतीने, असाच, उलट्या बाजूने. सुलट बाजूला भाळून ती घेणारे मागाहून आले.

आणि आमच्याकडे ते एकदम दीडशे आले!

२०१० च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबाद शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून दीडशे मर्सिडीज एकाच वेळी विकत घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. गाडीमागे सरासरी त्रेचाळीस लाख. देशभराच्या वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा झाला. घेणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. मराठवाडा म्हटले की दुष्काळ, मागासलेपण आणि लेण्यांचे फोटो, एवढेच लोकांना आठवते. इथेही पैसा मिळवणारी माणसे आहेत हे जगाला कळू द्या, शहराचे नाव होऊ द्या, म्हणजे कारखानदार येतील. शिवाय घाऊक घेतले की भावात घासाघीस करता येते, हा आमच्या मोंढ्यातला अडत्यांचा जुना धडा. नीसच्या येलिनेकला यांचा हेवा वाटला असता. त्याने ३६ घेऊन गाडीला मुलीचे नाव दिले. यांनी दीडशे घेऊन आपल्या शहराचे नाव केले.

गंमतीचा भाग असा की त्याच शहराच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ऑडी या दुसऱ्या जर्मन घराण्याच्या गाड्या तेव्हा जोडल्या जात होत्या, आणि मर्सिडीज तयार होत होत्या त्या पुण्याजवळ. कंपनी १९९४ साली पुन्हा या देशात आली, १९९५ पासून पुण्यात गाड्या जोडू लागली आणि २००९ साली तिने चाकणला स्वतःचा कारखाना उघडला. घरचे सोडून शेजाऱ्याकडले आणायचे, ही रीत आपल्याकडे जावई शोधण्यापासून चालत आली आहे.

असो. या खरेदीच्या पदराची उलटी बाजूही पाहिली पाहिजे. ती पाहिली पत्रकार पी. साईनाथ यांनी, त्याच वर्षीच्या डिसेंबरात. या गाड्यांसाठी स्टेट बँकेने चाळीस कोटींहून अधिक कर्ज दिले होते आणि त्यावर व्याज होते शेकडा सात. त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टर घ्यायचा तर याहून बराच चढा दर पडत होता. आणि सातच्या दराने पीककर्ज मिळावे म्हणून शेतकऱ्यांना कित्येक वर्षे टाहो फोडावा लागला होता. बँकेचेही गणित आहेच: दीडशे पतदार माणसे, कागदपत्रे चोख, हप्ते बुडण्याची भीती नाही. व्यवहार म्हणून त्यात कोणी बोट ठेवू नये. पण ज्याच्याजवळ आहे त्याला पैसा स्वस्त आणि ज्याच्याजवळ नाही त्याला महाग, हा हिशेब आमच्या तालुक्यातल्या बाप्यांना समजावून सांगा पाहू! माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने ही बातमी वाचून मला विचारले होते, "गुरुजी, मर्सडीला नांगर जोडता येतो का?" मी हसलो, तो हसला नाही.

तरीही गाड्या घेणाऱ्यांची हेटाळणी करायला माझे मन घेत नाही. त्यांतले पुष्कळ जण वाळूज-चिकलठाण्याच्या वसाहतींत लहानशा शेडमध्ये सुटे भाग बनवून वर आलेल्या पिढीचे. १९८० नंतर बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्यामागे असे शेकडो कारखानदार उभे राहिले. माणसाने वीस वर्षे तेलकट हातांनी काम केले, बाहेरगावच्या साहेबाने दारात ताटकळत ठेवले, तर कधीतरी त्याच दारात आपणही चांदणीच्या गाडीतून उतरावे असे त्याला वाटणारच. रागवावे ते व्याजाच्या दरावर. या हौसेवर कशाला? एक गोष्ट मात्र मला बोलली पाहिजे. वाळूजच्या यंत्रांना आणि शहराच्या नळांना पाणी जाते ते आमच्या नाथसागरातून. त्या पाण्याखाली गावेच्या गावे गेली आहेत. प्रतिष्ठेच्या मिरवणुकीत त्या गावांचे नाव कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

मर्सिडीजमध्ये मी आजवर दोनदाच बसलो. एकदा एका विद्यार्थ्याने लग्नाहून परत सोडले तेव्हा. हा शाळेत असताना बाकाखाली बसून सायकलीचे बेअरिंग खोलणारा मुलगा. आता त्याचा स्वतःचा कारखाना आहे. दार लागले त्याचा आवाज अजून कानात आहे: तिजोरी लागावी तसा, घट्ट आणि हलका. बाहेर पैठण रस्त्याचे सगळे खड्डे, ट्रॅक्टरचे भोंगे, उसाच्या गाड्या. आत काही नाही. मला प्रथम सुख वाटले, मग थोडे चुकल्यासारखे झाले. मी म्हटले, "अरे, काच जरा खाली कर." तो म्हणाला, "सर, धूळ येईल." मी म्हटले, "येऊ दे." त्याने काच खाली केली आणि धरणाकडून येणारा ओला वारा आत आला. त्यानंतर तो मला आपल्या यंत्रांविषयी सांगत राहिला. गाडीविषयी सबंध रस्ताभर एक शब्द बोलला नाही. मात्र घराजवळ उतरल्यावर त्याने वाकून पुढच्या चाकाजवळ खडा लागला की काय ते पाहिले, रुमालाने तेवढी जागा पुसली, आणि मगच माझ्या पाया पडला.

त्या पैठण रस्त्याचीही स्थिती आता पालटते आहे. एके काळी त्याच रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा टेलिव्हिजनचा कारखाना हे तालुक्याचे भूषण होते. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कज्ज्यात सापडली. त्याच्या पुढे बिडकीनला सरकारने मोठी औद्योगिक नगरी आखली आहे आणि जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करने तिथे वीस हजार कोटींचा मोटारीचा कारखाना काढण्याचा करार राज्य सरकारशी केला. म्हणजे अकीकाच्या गाड्या ज्या गावाहून निघत, त्या गावच्या तालुक्यातून आता मोटारी निघायच्या आहेत. त्यांवर जर्मन चांदणी नसेल, जपानी खूण असेल. बनवणारे हात मात्र आमच्या पोरांचे असावेत, एवढीच अपेक्षा.

आणि त्या दीडशे गाड्या? खासगी मोटारीची नोंदणी कायद्याने पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवावी लागते. त्या हिशेबाने २०२५ च्या दसरा-दिवाळीत या सगळ्या गाड्यांची मुदत एकदमच भरली. पुष्कळ मालकांनी त्या आधीच विकल्या असतील आणि नव्या घेतल्या असतील. जुन्या बाजारात अशी गाडी नव्या लहान मोटारीच्या भावात मिळते, आणि मग तिचा एखादा पुढचा दिवा बदलायचा म्हटला की नव्या मालकाच्या डोळ्यांपुढे दिवसा तारे चमकतात. माझ्या पुतण्याच्या मनात सध्या तेच घोळते आहे. "काका, चांदणीची गाडी पाच-सहा लाखांत!" म्हणून परवा तो मला मिस्त्रीच्या शेडमध्ये घेऊन गेला. मिस्त्रीने बॉनेटवरच्या चांदणीकडे पाहिलेही नाही. गाडी उचलली, बॅटरी घेऊन खाली शिरला आणि पंधरा मिनिटे तिथून नुसते त्याचे पाय दिसत होते. बाहेर आल्यावर त्याने तीन कामे सांगितली, तिन्हींचा खर्च सांगितला, आणि पत्रा कुठेच सडलेला नाही असेही सांगितले. पुतण्या तो कागद खिशात घालून आहे. घरातून त्याच्या बायकोचा होकार यायचा आहे.